एक फटका जास्त

फिंटन डेव्हनी जिंकणार, हे मृदुलाताईंनी शनिवारी संध्याकाळीच जाहीर करून टाकलं होतं. मृदुलाताईंनी एकदा जाहीर केलं की नशिबाला त्यात फारसं काही करण्यासारखं उरत नसे. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘आमचे होणारे जावई उद्या टीव्हीवर. सर्वांनी आशीर्वाद द्यावेत.’ खाली जोडलेले हात, एक ट्रॉफी आणि, गोल्फचं चिन्ह न सापडल्यामुळे, क्रिकेटची बॅट.

ऑकलंडच्या मनुरेवा भागातली फार्मसी बंद करता करता नीलांबरीने तो संदेश वाचला आणि तिला हसू आलं. मागोमाग रागही आला. म्हणे ‘आमचे’ जावई! ऋग्वेदा मुलगी नीलांबरीची, आणि हा माणूस जोवर फक्त नीलांबरीचा होणारा जावई होता, तोवर याच नणंदबाई काय काय बोलल्या होत्या!

दिवाळीतली गोष्ट. नीलांबरीच्या बॉटनी डाउन्सच्या घरी सगळे जेवायला जमले होते. ऋग्वेदा फिजिओथेरपिस्ट. खांद्याच्या दुखण्यासाठी तिच्याकडे आलेला एक आयरिश पेशंट खांदा बरा झाला तरी येत राहिला, आणि आता दोघांना लग्न करायचंय, असं तिने पहिल्या पुरीलाच सांगून टाकलं.

“करतो काय?” मृदुलाताईंनी विचारलं.

“गोल्फ खेळतो.”

“ते आमचे हेही खेळतात शनिवारी. करतो काय?”

“आत्या, तेच करतो. दॅट्स हिज जॉब.”

मृदुलाताईंनी धाकट्या भावाकडे, नीलांबरीच्या नवऱ्याकडे, पाहिलं. मुलीला या देशात वाढवलंस, आता भोग, असा त्या नजरेचा अर्थ. सुशांतने ताटाकडे पाहिलं. बँकेच्या कॉम्प्युटरमधले मोठमोठे बिघाड हा माणूस शांतपणे निस्तरत असे, पण घरातल्या प्रत्येक संकटात त्याला ताटात काहीतरी फार महत्त्वाचं दिसे. अप्पांनी, म्हणजे सुशांतच्या वडिलांनी, शांतपणे विचारलं, “त्या खेळात चेंडू जागेवरच असतो ना? कोणी टाकत नाही? मग कौशल्य कसलं?” दीनानाथ अप्पा जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं सहसा कोणी देत नसे. जावई काय करतो असं फार्मसीत कोणी विचारलं, की नीलांबरी ‘स्पोर्ट्समध्ये आहे’ एवढंच सांगायची. तिच्या लहानपणी पुण्यात काही लोक ‘एक्स्पोर्टमध्ये आहे’ म्हणत, त्याच सुरात. म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही.

वारं फिरवलं ते प्रकाशरावांनी. मृदुलाताईंचे यजमान हॅमिल्टनजवळच्या दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्या वेळी घराबाहेरच्या लाकडी डेकवर कामाचा फोन घेत उभे होते. आत येऊन त्यांनी श्रीखंडाचा चमचा उचलला आणि सहज म्हणून नाव विचारलं.

“डेव्हनी?” चमचा तोंडापर्यंत पोचलाच नाही. “फिंटन डेव्हनी? डॉनिगॉलचा?”

मग श्रीखंड वितळेपर्यंत प्रकाशरावच बोलत होते. आयर्लंडच्या वायव्य टोकाला, जिथे वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही, अशा एका गावात हा वाढला. बाप मेंढ्या पाळायचा. मेंढ्यांचं कुरण आणि गोल्फचं मैदान यांच्यामध्ये नावापुरतंच कुंपण, त्यामुळे पोरगा आणि मेंढ्या दोघंही दिवसभर पलीकडेच. वाऱ्याखालून, जमिनीलगत चेंडू काढायचा फटका तो तिथेच शिकला. बाविशीत व्यावसायिक झाला, युरोपच्या टूरवर, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या मोठ्या स्पर्धांत, जागा मिळवली, गमावली, पुन्हा मिळवली, पुन्हा गमावली.

“गमावली म्हणजे?” सुशांतने ताटातूनच विचारलं.

“म्हणजे आपल्या रेसिडेन्सीसारखं नाही रे, एकदा मिळाली की पाय पसरून बसलो. तिथे चांगलं खेळला नाहीस तर चालते व्हा. मग लहानसहान स्पर्धा खेळत, कुठल्या कुठल्या गावात राहत पुन्हा वर यायचं.” डेव्हनी वर आला होता. आधी पोर्तुगालमध्ये जिंकला. मग स्वतःच्या देशाची ओपन स्पर्धा जिंकला, भर पावसात, शेवटच्या होलवर. मग युरोपच्या संघातून अमेरिकेविरुद्ध खेळला. एका वर्षी जगातल्या पहिल्या वीसांत होता. आणि मग खांद्याने दगा दिला.

“पहिल्या वीसांत?” मृदुलाताई म्हणाल्या. “जगात?”

“जगात.”

मृदुलाताईंनी श्रीखंडाचं भांडं पुढे ओढलं. “तसं मुलगी काही वावगं बोलत नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि ऋग्वेदाच्या वाटीत स्वतःच्या हाताने श्रीखंड वाढलं.

त्या दिवसापासून घरात गोल्फ शिरला. अप्पांनी इंटरनेटवरून खेळाचे नियम उतरवून घेतले आणि पेन्सिल घेऊन वाचले. “हा खेळ नव्हे, हा कायदा आहे,” ते कौतुकाने म्हणाले. प्रकाशरावांनी मृदुलाताईंना जावयाचे जुने विजय यूट्यूबवर दाखवले आणि त्यांनी ते, आवाज बंद करून, भाजी निवडता निवडता पाहिले. फिंटनचा धर्म, त्याचं वय, त्याचं कोणालाही न समजणारं इंग्रजी, यातलं काहीच आता कुणाला खुपत नव्हतं.

एक गोष्ट मात्र ऋग्वेदाशिवाय फक्त सुशांत आणि नीलांबरीला ठाऊक होती. ख्रिसमसला फिंटन घरी आला असताना, डेकवर, सॉसेज उलटता उलटता त्याने सांगितलं होतं, की त्याचं हे दुसरं लग्न. पहिलं अगदी तरुणपणी झालं, गावातल्याच मुलीशी, आणि लवकरच मोडलं. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून मृदुलाताईंनी इंटरनेट पिंजून काढूनही त्यांना त्याचा पत्ता लागला नव्हता.

“अप्पांना आणि ताईला इतक्यात नको सांगायला,” सुशांत नंतर म्हणाला होता.

“विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे?”

नीलांबरीला ते पटलं नव्हतं. पण दिवाळीपासून घरात शांतता होती, आणि शांततेची तिला सवय लागली होती.

तर तो रविवार. क्वीन्सटाऊनजवळच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. मृदुलाताई आणि प्रकाशराव सकाळीच हॅमिल्टनहून येऊन ठेपले होते. दुसऱ्या दिवशी फिंटन जिंकून ऑकलंडला येणार, म्हणून मुक्कामाच्या तयारीनेच. ऋग्वेदा तिकडे गेली नव्हती. ती मैदानावर दिसली की फिंटनचा खांदा आखडतो, असं त्याचं म्हणणं. आणि त्या खांद्यावर तिने इतकी मेहनत घेतली होती, की तिलाही ते पटत होतं.

दुपारभर सगळे टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर मागे डोंगर, हिरवंगार गवत, आणि त्यात निळ्या शर्टातला फिंटन. एरवी डेकवर जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून हसत बसणारा हा माणूस तिथे वेगळाच दिसत होता. कोणाकडे बघत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. नीलांबरीला तो पहिल्यांदाच कामावर असलेला दिसला.

अठरापैकी दोन होल उरली होती आणि फिंटन एका फटक्याने पुढे होता; या खेळात फटके जितके कमी तितकं बरं. मृदुलाताईंनी जावयाच्या सत्काराला म्हणून मंडळाच्या हॉलची फोनवर तारीख विचारायला सुरुवातही केली होती. सतराव्या होलवर त्याचा चेंडू वाकडा जाऊन झाडांत पडला.

“काही नाही, काही नाही,” प्रकाशराव म्हणाले. “निघेल तिथून.”

कॅमेऱ्याला नीट दिसत नव्हतं. एक बुंधा मध्ये येत होता. फिंटन वाकला, चेंडूजवळचं वाळकं पान का काटकी असं काहीतरी त्याने बाजूला केलं. मग थांबला. सरळ झाला, दोन पावलं मागे आला आणि हात वर केला.

“काय झालं?” अप्पा पुढे सरकले.

एक अधिकारी आला. फिंटन त्याच्याशी काहीतरी बोलला. बरोबरचा खेळाडू आला, त्याने खांदे उडवले. समालोचक जरा वेळ गोंधळले, आणि मग ते काय म्हणतायत ते ऐकून प्रकाशरावांनी डोक्याला हात लावला.

“पान उचलताना चेंडू हलला म्हणतोय. एक फटका दंड.”

“कोण म्हणतोय हलला?” मृदुलाताईंनी विचारलं.

“तोच.”

“त्या अधिकाऱ्याने पाहिलं?”

“नाही.”

“दुसऱ्या खेळाडूने?”

“नाही.”

“मग टीव्हीवर दिसलं असेल.”

“झाड मध्ये आहे, मृदुला. तुलाही दिसतंय.”

मृदुलाताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आपल्याला कळत नाही असं काहीतरी बाकीच्यांना कळलंय, अशी त्यांना अजून आशा होती. “म्हणजे कोणीही पाहिलं नाही, आणि यानेच उठून सांगितलं? मूर्ख आहे का?”

“नियमच आहे तसा,” प्रकाशराव केविलवाण्या आवाजात म्हणाले. “आपलं आपणच सांगायचं.”

“तुम्ही सांगता शनिवारी?”

“माझी गोष्ट वेगळी. माझा चेंडू कधी हलतच नाही.”

“मारल्यावरही नसेल हलत,” अप्पा म्हणाले.

ऋग्वेदा सोफ्याच्या मागे उभी होती. सतरावं होल संपलं तेव्हा फिंटन आणि त्याच्याबरोबरचा खेळाडू बरोबरीत होते. अठराव्या होलवर दोघांनी सारखेच फटके घेतले असते तर आणखी खेळ झाला असता. पण तो दुसरा, चोवीस-पंचवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन पोरगा, लांबून चेंडू सरळ खळग्यात घालून मोकळा झाला आणि टोपी उडवून नाचायला लागला. फिंटन त्याच्याजवळ गेला, हात मिळवला, त्याची पडलेली टोपी उचलून त्याला दिली. समालोचक गहिवरले. मृदुलाताई नाही गहिवरल्या. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘खेळात हार-जीत चालायचीच,’ आणि फोन पालथा ठेवला.

ऋग्वेदा डेकवर गेली. नीलांबरी तिच्या मागे गेली.

“वाईट वाटून घेऊ नकोस गं,” ती म्हणाली. “खेळ आहे.”

“आई, खेळ नाहीये तो.” ऋग्वेदाने कठडा धरला होता. “आज जिंकला असता तर दोन सीझन सगळीकडे थेट प्रवेश होता. आता पुन्हा खालच्या स्पर्धा. आज तुर्कस्तान, उद्या केनिया. म्हणजे घरी कधी? कधीच नाही.” ती एकदम हसली, आणि डोळे पुसले. “मला त्याचा इतका अभिमान वाटतोय ना, की एक सणसणीत थोबाडीत द्यावीशी वाटतेय.”

नीलांबरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून मृदुलाताईंचा आवाज येत होता: अशा माणसाचं संसारात कसं व्हायचं, याने बायकोची बाजू घ्यायची वेळ आली तर काय करायचं, उद्या इन्कम टॅक्सवाल्यांना बोलावून आणेल.

सोमवारी नीलांबरीने फार्मसीतून रजा घेतलीच होती, ती रद्द करणं बरं दिसलं नसतं. तिने पुलाव, मटकीची उसळ, कोशिंबीर असा बेत केला. पुरणाचा बेत मात्र मृदुलाताईंनी परस्पर रद्द केला. “हरल्यावर पुरण कसलं,” त्या म्हणाल्या.

फिंटन विमानतळावरून थेट आला. पायात जँडल, हातात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून घेतलेली फुलं. “किया ओरा,” तो दारातच इथल्या माओरी पद्धतीने म्हणाला, आणि मग अप्पांना वाकून नमस्कार केला. तो ऋग्वेदाने शिकवला होता आणि तो अजून जरा गोल्फच्या पवित्र्यातच होई: गुडघे किंचित वाकलेले, नजर जमिनीवर.

प्रकाशरावांनी हरलेल्या माणसाबरोबरही फोटो काढून घेतला. मृदुलाताईंनी “हॅलो” एवढंच म्हटलं.

जेवायला बसल्यावर थोडा वेळ पुलावाचीच चर्चा झाली. फिंटनचं इंग्रजी कोणालाच कळत नसे. शब्द वाऱ्यावरून आल्यासारखे, अर्धे वाटेतच राहिलेले. त्याचं इंग्रजी ऋग्वेदा इंग्रजीतच पुन्हा सांगायची. शेवटी मृदुलाताईंना राहवेना.

“फिंटन, एक विचारते. व्हाय डिड यू टेल देम?”

त्याला प्रश्नच कळला नसावा. “हलला होता,” तो म्हणाला.

“बट नोबडी सॉ.”

“हो. पण हलला होता.”

अप्पांनी हातातला घास खाली ठेवला. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात आला की ते असेच ताठ बसत असतील. “यंग मॅन,” ते आपल्या स्वच्छ, जुन्या इंग्रजीत म्हणाले, “चेंडू हलल्याला साक्षीदार कोण?”

“मी, सर.”

“तुम्ही आरोपी आहात.”

“हो. दोन्ही मीच.”

अप्पा मराठीत, सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “माझ्यापुढे खुनी आले, दरोडेखोर आले, एक शंकराचा पुजारी आला देवाचा मुकुट विकलेला. जन्मभरात एक माणूस असा आला नाही, की ज्याने पुराव्याशिवाय कबूल केलं. मला वाटायचं, अशी माणसं असतात पण ती कोर्टात येत नाहीत. पुढे पुढे वाटायला लागलं, नसतातच.” त्यांनी घास उचलला. “सुनबाई, याला उसळ वाढ.”

ताटावरची हवाच पालटली. प्रकाशराव म्हणाले, आपण कालच म्हणालो होतो. काल ते असं काहीही म्हणाले नव्हते. मृदुलाताईंचा फोन वाजायला लागला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी कालची बातमी उचलली होती आणि मंडळातले लोक ती एकामागून एक पाठवत होते. ‘जिंकण्यापेक्षा मोठा माणूस.’ ‘हे आपले जावई का?’ सिद्धी नावाच्या एका सभासदाने लहान मुलांसाठी व्याख्यान ठेवायची सूचना केली होती. मृदुलाताईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, आणि चष्मा काढला तेव्हा त्या पुन्हा अध्यक्ष झाल्या होत्या.

“सत्कार करायचाच,” त्या म्हणाल्या. “उलट आता तर करायलाच हवा. विषय: प्रामाणिकपणा.”

सुशांतलाही चेव आला. त्याने ताटातून मान वर काढली. हे इतक्या वर्षांत फार कमी वेळा घडलं होतं. “ताई, शेवटी आपल्या घराचं वळण आणि याचं वळण एकच निघालं बघ. आपल्याकडेही लपवाछपवी नाही. जे आहे ते समोर.”

नीलांबरीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला ठसका लागला.

“परिचय मीच करून देणार,” मृदुलाताई म्हणाल्या. त्यांच्या मनात भाषण सुरूही झालं होतं. “गाव, आई-वडील, विजय... एज थर्टी-सेव्हन. सो लेट, फिंटन! आमच्याकडे लोक विचारतातच, इतकी वर्षं लग्न का नाही केलं. मी सांगेन, खेळासाठी. बरोबर? दिस इज फर्स्ट मॅरेज, नो?”

त्यांना खरं तर उत्तर नको होतं. नुसती मान हलली असती तरी चाललं असतं. मटकी चावत असल्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं तरी चाललं असतं. नीलांबरीने डोळे मिटले.

“सेकंड,” फिंटन म्हणाला.

एवढं इंग्रजी सगळ्यांना कळलं.

“काय?” सुशांत ओरडला. त्याने इतका उत्तम धक्का बसवून घेतला, की नीलांबरीलाही क्षणभर खरा वाटला. “काय सांगतोस काय! व्हॉट आर यू सेयिंग!”

फिंटन गोंधळला. “पण मी तुम्हाला सांगितलं होतं. ख्रिसमसला, डेकवर. तुम्ही काही हरकत नाही म्हणालात. ‘स्वीट अॅज’ म्हणालात.”

ऋग्वेदाने हे पुन्हा इंग्रजीत सांगायची तसदी घेतली नाही. सुशांतने ताटाकडे पाहिलं.

मृदुलाताई सावकाश वळल्या. “नीलांबरी, तुला माहीत होतं?”

नीलांबरीला वाटलं, ऐकू आलं नाही असं आपणही दाखवू शकतो. पण समोर तो बसला होता, गोरा, उन्हाने रापलेला, आपण नक्की काय मोडलं हे न कळलेला.

“होतं,” ती म्हणाली.

“आणि अप्पांपासून लपवलंत? माझ्यापासून? मी चार लोकांत ‘आमचे जावई’ म्हणून मिरवतेय, आणि हे घटस्फोटित! उठा हो,” त्या प्रकाशरावांना म्हणाल्या. “निघायचं आपण.”

प्रकाशराव उठले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. “मृदुला,” ते म्हणाले, “तो पहिल्या वीसांत होता गं.”

“तुम्ही गप्प बसा!”

“आत्या, शांत हो ना,” ऋग्वेदा म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून माहितेय. लग्न मी करतेय.”

“लग्न घर करतं!”

“घरातल्या प्रत्येकाने थोडा वेळ तोंड बंद ठेवावं,” अप्पा म्हणाले, आणि ते त्यांनी आवाज न चढवता म्हटल्यामुळे सगळे गप्प झाले. त्यांनी फिंटनला इंग्रजीत विचारलं, “ते लग्न मोडलं. चूक कोणाची?”

फिंटनने चमचा खाली ठेवला. त्याने हळूहळू सांगितलं, बहुधा अप्पांना कळावं म्हणून, आणि म्हणून पहिल्यांदाच त्याचा शब्द न् शब्द सगळ्यांना कळला. तिचं नाव ओरला. लग्न झालं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, नुकतीच टूरवरची जागा मिळाली होती. वर्षातले बहुतेक महिने तो बाहेर. घरी आला की सकाळपासून मैदानावर, आणि रात्री गालिच्यावर कपात चेंडू घालत बसलेला. एकदा तो महिन्याने घरी आला. दोन दिवसांनी तिने विचारलं, स्वयंपाकघराचा रंग कसा वाटतो. तिने एकटीने सगळं स्वयंपाकघर पिवळं रंगवलं होतं. त्याने दोन दिवस तिथेच बसून चहा घेतला होता आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“तर चूक माझी,” तो म्हणाला. “थोडी वाऱ्याचीही असेल. पण बहुतेक माझी.”

मृदुलाताई उभ्याच होत्या, पर्स हातात. प्रकाशरावांनी आजवर घराचा रंग किती वेळा ओळखला असेल, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता.

“याने खोटं सांगितलं असतं तर फार सोपं गेलं असतं,” अप्पा मराठीत म्हणाले. “दोन ओळींत निकाल लिहिला असता. आता याला ‘नाही’ म्हणायला मला कारण सापडेना. मृदुला, बस खाली. उसळ गार होतेय.”

मृदुलाताई बसल्या. त्या अप्पांमुळे बसल्या, की फोन पुन्हा वाजला आणि पडद्यावर ‘डब्लिन’ असं काहीतरी दिसलं त्यामुळे, हे नक्की सांगता येणार नाही. घास घेताना त्या एवढंच म्हणाल्या, “सत्काराच्या दिवशी तेवढं पहिल्या लग्नाचं काढू नकोस म्हणजे झालं.”

“आत्या, तू विचारू नकोस म्हणजे झालं,” ऋग्वेदा म्हणाली.

जेवणानंतर नीलांबरी ओट्याशी उभी होती. फिंटन ताटं घेऊन आला आणि न सांगता धुवायला लागला. बाहेर प्रकाशराव अंगणात त्याची काठी घेऊन पवित्रा घेत होते, आणि अप्पा खुर्चीतून त्यांना नियम सांगत होते.

नीलांबरीने मनात वाक्य आधी मराठीत जुळवलं, मग इंग्रजीत. “फिंटन, ऋग्वेदाच्या बाबतीत परत तसंच होईल का?”

तो ताट विसळत राहिला. कोणताही पुण्याचा मुलगा असता, तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला असता, काकू, काळजीच करू नका. सुशांतने तिच्या वडिलांना तेच सांगितलं होतं, छातीवर हात ठेवून: तुमच्या मुलीला काही कमी पडू देणार नाही. पुढे तो तिला जगाच्या या टोकाला घेऊन आला. तिची पुण्याची पदवी इथे चालेना, तेव्हा कडेवर पोर घेऊन तिने परीक्षा पुन्हा दिल्या. आणि त्या दिवसांत तो ताटात काय शोधत होता हे तिला आजवर कळलं नव्हतं. तरीही या क्षणी तिला तसंच कोणीतरी छातीवर हात ठेवून बोलायला हवं होतं. खोटं का होईना. सगळ्या जगाने या माणसाच्या खरेपणाचं कौतुक करावं, आणि त्याने फक्त आपल्याशी, फक्त एकदा, खोटं बोलावं.

“मला माहीत नाही,” फिंटन म्हणाला. “कालच्या हारीमुळे मी या वर्षी खूप बाहेर असेन. हे मी तिलाही सांगितलंय. ती म्हणाली, ती तिची नोकरी सोडणार नाही, आणि माझी वाट बघत भिंती रंगवत बसणार नाही.” त्याने ताट पुसलं. “मागच्या वेळीही मला वाटलं होतं, असं होणार नाही. म्हणून मी शब्द नाही देत. प्रयत्न करेन.”

नीलांबरीला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या हातातून तिने ताट ओढून घेतलं आणि उगाच पुन्हा पुसलं. प्रामाणिक माणूस टीव्हीवर असतो तेव्हा फार छान दिसतो. तो आपल्या ओट्याशी उभा राहिला की काय होतं, ते मंडळातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. आणि हा आता दर सणाला येणार होता. तिच्या हातची उसळ कशी झालीय विचारलं तर सांगणार होता. सुशांत काय काय ‘स्वीट अॅज’ म्हणाला ते सांगणार होता. या घरात आजवर जे जे सगळ्यांनी मिळून न पाहिल्यासारखं केलं होतं, ते ते सगळं याला दिसणार होतं, आणि तो हात वर करणार होता.

तिने ताट मांडणीवर ठेवलं, ओले हात पदराला पुसले आणि दिवाणखान्यात डोकावली. सुशांत सोफ्यावर, अपघातातून वाचलेल्या माणसासारखा बसला होता.

“सुशांत, गुरुजींना फोन लाव. लग्नाची लवकरातली लवकर तारीख विचार.”

तो दचकला. “आज? इतकं सगळं झाल्यावर?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बोललीस का त्याच्याशी? नक्की ना आता सगळं?”

“नक्की काहीच नाही,” नीलांबरी म्हणाली. “तू फोन लाव.”